कमान कुठे कलते

कुंभकोणमजवळ पट्टीश्वरमला धेनुपुरीश्वराचं देऊळ आहे. उन्हात चालत येणाऱ्या बाल संबंदरासाठी शिवाने मोत्यांचा मांडव पाठवला, अशी तिथली कथा. कथेतला मांडव हलका, देवळातले मंडप मात्र जड: दगडी खांब आणि त्यांवर दगडी तुळया. अशा बांधकामात भीती तुळई खालून तडकण्याची असते. खांब मुडपण्याची नसते, कारण जाडीच्या मानाने तो फारसा उंचच नाही. पोलादी कमानींनी आज मोठमोठी छतं हलकी केली आणि दगडाला ठाऊक नसलेला एक धोका आणला, तो म्हणजे बकलिंगचा.

बकलिंगमध्ये पोलादाची ताकद संपलेली नसते, आकार साथ सोडतो. लोखंडी फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. क्षणभर ती ताठ राहते आणि मग एकदम बाजूला बाक घेते. हात काढला की पुन्हा सरळ. ऑयलरने 1744 मध्ये हे गणितात बसवलं. त्याच्या सूत्रात लांबी आहे, छेदाचा आकार आहे, पोलादाचा ताठरपणा आहे. पोलादाची ताकद मात्र कुठेच नाही. महाग, जास्त ताकदीचं पोलाद आणलं तरी ताठरपणा तोच राहतो, चौरस मिलिमीटरला सुमारे 2 लाख न्यूटन. सडपातळ कमानीबद्दल शंका काढल्यावर ‘माल उत्तम प्रतीचा आहे’ असं सांगणं म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देणं.

कमान मोडते तीही आपल्याला वाटतं तशी नाही. दोन्ही टोकांना बिजागरी असलेली उंच कमान सहसा मधोमध खचत नाही. तिची एक बाजू दबते, दुसरी वर उचलली जाते, आणि माथा उंचीला जवळपास होता तिथेच राहतो. माथ्याखाली सरकणं मोजणारा एकच डायल गेज लावून चाचणी घेतली, तर जे पाहायचं तेच निसटतं. गेज पाव आणि पाऊण अंतरावर हवेत. कमान आडवी झुकते का, हे बघायला बाजूनेही हवेत. भार टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून आकडा लिहायचा.

अशाच आकड्यांतून अभियंता साउथवेलने 1932 मध्ये मोठी गोष्ट काढली. खांब जितका बाजूला सरकला, त्याला भाराने भागायचं आणि तो भागाकार सरकण्याच्या अंतरासमोर आलेखावर मांडायचा. बिंदू सरळ रेषेत येतात आणि रेषेच्या उतारावरून बकलिंगचा भार कळतो, खांब न मोडता. कमानींनाही ही रीत जपून लावता येते. मला तिच्यातलं एक फार मोलाचं वाटतं: ती वस्तूच्या अंगच्या वाकडेपणावरच चालते. अगदी सरळ खांब शेवटच्या क्षणापर्यंत काहीच सांगत नाही. आपलं पोलादी बांधकामाचं मानक, आयएस 800, 2007 पासून हा वाकडेपणा गृहीतच धरतं.

सेंट लुईसच्या ईड्स पुलाच्या पोलादी कमानींवरून 1874 मध्ये आधी हत्ती चालवला, मग 14 इंजिनं नेली. पूल आजही उभा आहे. पण अशा परीक्षेतून त्या दिवशी तेवढा भार पेलला, इतकंच कळतं. कडेलोट किती दूर होता, हे कळत नाही. क्वेबेकचा पूल कमानीचा नव्हता, तरी त्याचा धडा इथलाच आहे. ऑगस्ट 1907 मध्ये त्याच्या दाबाखालच्या एका अवयवाला आलेला बाक पाऊण इंचावरून आठवडाभरात सव्वादोन इंचांवर गेला. तो मोजला गेला होता. सल्लागार अभियंत्याला कळवायला माणूस न्यूयॉर्कला गेला, भार वाढवू नका अशी तारही निघाली. बांधकाम मात्र चालूच होतं. 29 तारखेच्या संध्याकाळी पूल कोसळला आणि 75 कामगार गेले.

कोकण रेल्वेने उभारलेल्या चिनाब पुलाची कमान 467 मीटरची. एप्रिल 2021 मध्ये दोन अर्धुकं जुळेपर्यंत ती तारांच्या आधाराने दरीवर तोललेली होती. अपुरी कमान ही कमानच नसते, तिचं गणित वेगळं मांडावं लागतं. एवढ्या मोठ्या कामात हे सगळं गणित आणि मोजमाप होतं. माझा जीव अडकतो तो बाजारांवरच्या आणि मंगल कार्यालयांवरच्या पातळ पत्र्याच्या कमानदार छतांत. तिथे रंग आणि गंज पाहतात, आकार कुणी मोजत नाही. उभारणीच्या दिवशी छताचे ठरावीक बिंदू मोजून ते आकडे मालकाच्या हाती द्यावेत आणि दर पावसाळ्यानंतर तेच बिंदू पुन्हा मोजावेत. त्याला एक सर्वेक्षक आणि टोटल स्टेशन हे मोजणीचं एक यंत्र पुरतं.