रानफुलाचे अर्पण

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याहून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, सातपुड्याच्या रांगेत, असीरगड उभा आहे. फाल्गुनात त्या रांगेतला पळस पाने टाकून केशरी फुलांनी पेटतो. गडावरील महादेवास अश्वत्थामा आजही पहाटे फूल वाहून जातो, अशी लोकश्रद्धा आहे. मग यात्रेकरूनेही वाटेवरची पळसफुले खुडून देवाला वाहावीत काय?

देवाला फूल प्रिय आहे, हे खरे. परंतु गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांहून थोरवी आहे ती भक्तीची. अर्पण म्हणजे आपले काही देणे. अंगणातल्या फुलामागे निदान आपण घातलेले पाणी असते. रानातला पळस ज्या मातीत रुजला, ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा काळा कातळ झिजून झालेली; तिच्यात आपले श्रम कोणते? त्या फुलातला मध पाखरांचा. आणि त्याच्या शेंगेत बी धरते ते एकच. फुलाबरोबर तेही खुडले जाते.

निद्रिस्त पांडवपुत्रांना मारणाऱ्या अश्वत्थाम्याचे फूल प्रायश्चित्ताचे मानता येईल. आपण मात्र गडावर जाताना घरचे फूल न्यावे, आणि पळसाला नुसते हात जोडावेत. मानसपूजा आपल्या परंपरेला मान्यच आहे.