हडंबा सुरू करण्याआधी

आई तुळजाभवानी, दसऱ्याला हडंब्याला, या मळणीयंत्राला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मुरुडच्या शिवारात कापलेल्या सोयाबीनच्या गंजी, बनीम लागल्यात, आभाळ भरून आलंय. आज रातीपासून राशी सुरू. निघण्याआधी तुझ्यापुढं उभा आहे.

दोन वर्षांखाली याच यंत्रावर एक पोरगा काड लावत होता. काड ओलं, तोंडात गच्च बसलं. त्यानं एका पायानं लोटलं आणि फळीवरचा दुसरा पाय सटकला. ट्रॅक्टर लगेच बंद केला. पण ड्रम लगेच थांबत नाही, आई, आपल्या वेगानं फिरतच राहतो. पाय गुडघ्याखालून गेला. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मीही मान हलवली. माझं पाप तुझ्या नावावर घातलं, त्याची क्षमा कर. फळीला कठडा नव्हता. तोंडावरचं झाकण मीच काढून ठेवलं होतं, काड भराभर जावं म्हणून. पैसे पोत्यामागं मिळतात.

हात ड्रमपर्यंत पोचू नये म्हणून तोंडाचा निदान 45 सेंटीमीटर भाग झाकलेला हवा, असं मानक सांगतं. मळणीयंत्रांपायी 1983 साली देशानं धोकादायक यंत्रांचा कायदा केला. हे मला त्या पोराचा पाय गेल्यावर कळलं.

गोपीनाथ मुंडेंच्या नावाची अपघात योजना एका पायाला 1 लाख देते, पण शेतकऱ्याच्या घराला. त्या पोराच्या घरात कुणाच्याच नावावर सातबारा नाही. भरपाईचा तेव्हाचा 1923 चा कायदा मात्र यंत्रावरच्या मजुरालाही धरत होता, आणि ती भरपाई मालकानं द्यायची असते. मालक मी आहे. त्यानं मागितली नाही, मीही विषय काढला नाही. आई, या राशीचे पैसे हातात आले की आधी त्याच्या दारात जायची बुद्धी दे.

झाकण बसवलंय, कठडा वेल्ड करून घेतलाय. ट्रॅक्टरवरून हडंबा फिरवणारा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो. बायांचे पदर, पोरांचे रुमाल त्याच्यापासून लांब ठेव, आणि पदर खोचा म्हणून दहांदा सांगायला मला लाजवू नकोस. मध्यरात्री शेतकरी काकुळतीला येईल, दादा, दोनच बनीम राहिल्यात, पाऊस येतोय. तेव्हा पोरांचे पेंगुळलेले डोळे मला दिसू दे, आणि माझ्या तोंडून 'नाही' निघू दे.

कोजागिरीला तुळजापूरला चालत येतोय. दरवर्षी तो पोरगा माझ्या पुढं चालायचा.