यंत्राचा हात, माणसाची जबाबदारी



धुळे-जळगावहून डोक्याच्या ऑपरेशनसाठी रुग्णाला मुंबईला नेताना आपण विचारतो, "डॉक्टरांचा हात कसा आहे?"

१९८५ साली अमेरिकेत 'प्युमा ५६०' हा कारखान्यातील यंत्रमानव मेंदूच्या तपासणीसाठी वापरला गेला. सीटी स्कॅनच्या आधारे त्याने सुईची दिशा धरून ठेवली. सुई मात्र डॉक्टरांनीच घातली. २००८ साली कॅनडातील कॅलगरीत 'न्यूरोआर्म'ने मेंदूतील गाठ काढली, तेव्हाही त्याला चालवणारे सर्जनच होते.

यंत्राचा हात थरथरत नाही, हे वरदानच. पण ज्याला चुकीची खंत वाटत नाही, त्याच्यावर जबाबदारी कशी टाकावी? संमतीपत्रावर सही करताना आपण माणसावरच विश्वास टाकतो. म्हणून यंत्र घडवणाऱ्यांनी अखेरचा निर्णय माणसाच्या हाती राखावा, आणि आपणही ऑपरेशनपूर्वी निःसंकोच विचारावे, "डॉक्टरसाहेब, जबाबदारी कोणाची?"