दोष वस्तूत की संबंधात?

घरात किंवा कॅरॅव्हानमध्ये बसवलेला आरसीसीबी एकच गोष्ट तपासतो: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का. हा फरक 30 मिलिअँपिअरला पोचण्याच्या आतच तो ट्रिप होतो. वीज कुठेतरी जमिनीकडे गळते आहे, एवढेच त्यातून कळते. गळती कुठे आहे आणि दोष कोणाचा, हे अनुमानाने शोधावे लागते. म्हणून वायरमनचे हे काम तर्कशास्त्राच्या एका जुन्या प्रश्नाशी येऊन भिडते: दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणारे निश्चित झाले, असे कधी म्हणावे?

राजर्षी शाहूंनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपूर परिसरात या प्रश्नाला स्थानिक आधारही आहे. शिरोळ तालुक्यात जैन समाज मोठा असून जवळच नांदणीचा भट्टारक मठ आहे. दिगंबर परंपरेतील पात्रस्वामी, अकलंक या आचार्यांनी अनुमानाची कसोटी नेमकी मांडली. हेतूला, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे तिला, तीन लक्षणे हवीत, असे बौद्ध तार्किक म्हणत. जैन आचार्यांच्या मते एकच पुरे: अन्यथानुपपत्ती, म्हणजे साध्य (जे सिद्ध करायचे ते) नसेल तर हेतू संभवणारच नाही.

नृसिंहवाडी-खिद्रापूरच्या वाटेवर जयसिंगपुरात थांबलेली एखादी कॅरॅव्हान उदाहरणादाखल घेता येईल. बाहेरच्या सॉकेटला केबल जोडली, फ्रिज सुरू केला आणि ट्रिप झाली. फ्रिज काढला की ट्रिप होत नाही. अन्वय (फ्रिज असताना ट्रिप) आणि व्यतिरेक (नसताना नाही) दोन्ही जुळले, तरी फ्रिज दोषी ठरत नाही. गीझर, चार्जर आणि ओलसर केबल यांची थोडी थोडी गळती आधीच साचलेली असेल, तर फ्रिजने फक्त शेवटची भर घातलेली असते. म्हणून आधी सगळी उपकरणे काढून नुसती केबल तपासावी, मग एकेक उपकरण स्वतंत्रपणे जोडावे. सर्किट वेगळे करताना फेजसोबत न्यूट्रलही सोडवावा, कारण न्यूट्रल जमिनीला टेकला असेल तर फक्त फेज तोडून गळती थांबत नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणे काढून ठेवल्यावर मेगरने इन्सुलेशन मोजता येते.

एवढे करूनही उत्तर निसटते, तेव्हा जैन विचारातील द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षा उपयोगी पडतात. गीझरच्या कॉइलचे इन्सुलेशन फाटलेले असणे हा द्रव्याचा दोष. पावसाळी रात्री होणारी आणि दुपारच्या उन्हात न होणारी ट्रिप कालाकडे बोट दाखवते. गार असताना ठीक असलेली कॉइल तापल्यावर गळू लागते, तेव्हा भाव बदललेला असतो.

क्षेत्राचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड जनरेटरपाशी किंवा गाडीतल्या इन्व्हर्टरपाशी आवश्यक असतो. तो नसेल तर फॉल्टच्या वेळी प्रवाहाला परतीचा मार्ग मिळत नाही आणि संरक्षक यंत्रणा आंधळी होते. पण गाडी बाहेरच्या वीजपुरवठ्यावर असताना तोच जोड गाडीत कायम राहिला, तर न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थमार्गे परततो आणि बाहेरचा आरसीसीबी ट्रिप होतो. तार शाबूत, जोड घट्ट, उपकरणे निर्दोष. तरी दोष आहे, आणि तो संबंधात आहे. म्हणूनच पुरवठा बदलताच हा जोड सुटेल अशी रिले लागते. तो जोड योग्य की अयोग्य, याला अपेक्षा सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

मात्र अपेक्षेनुसार उत्तर बदलते असे सांगणारा हा जैन अनेकान्त म्हणजे सगळ्याच बाजू सारख्या खऱ्या, असे नव्हे. अपेक्षा एकदा ठरली की उत्तर निश्चित असते. ट्रिप त्रास देते म्हणून आरसीसीबी वगळणे किंवा अर्थची तार कापणे कोणत्याही अपेक्षेने समर्थनीय नाही. तसे केल्याने गळती थांबत नाही. ती गाडीच्या पत्र्यावर साचते आणि ओल्या पायांनी दाराला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाट काढते. ज्ञानाचे साधन बुजवणे इथे थेट हिंसेपर्यंत पोचते. कारण सापडले, असे दोनच गोष्टी सिद्ध झाल्यावर म्हणावे: ते दूर करताच पूर्ण भारावरही ट्रिप थांबते, आणि त्याच्यावाचून आधीच्या ट्रिपची दुसरी कोणतीही उपपत्ती लागत नाही.