काठावर राहिलेलं

श्रावणाच्या पहिल्या सकाळी बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की आदल्या रात्रीची गटारी नदीकाठच्या गवतात पडलेली दिसते. बाटल्या, प्लॅस्टिकचे ग्लास, चकण्याच्या पुड्या. दर वर्षीचंच. त्या सकाळी मात्र मी एका कातळापाशी थांबलो, कारण तिथलं सामान घोळक्यातलं नव्हतं. गोळ्यांची एक रिकामी पट्टी होती, सगळ्या गोळ्या काढलेली. पलीकडे दगडाच्या आडोशाला सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद होता, नखाने सपाट केलेला आणि खालून काजळी धरलेला. तो पाहून पोटात कालवलं. गर्द ओढणारा असाच कागद काडीच्या आचेवर धरतो.

बाटल्या दहा-बारा जणांत मिळून रिकाम्या झाल्या होत्या. पट्टी आणि कागद मात्र एकेकट्याचे होते.

आपण सगळ्यांना एकाच शब्दात बसवतो: व्यसनी. पण दारूवाला, गर्दवाला, गोळीवाला आणि एमडीवाला (मेफेड्रोन घेणारा) हे खरंच एका मातीचे असतात का? एडवर्ड खँट्झियन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ साली या प्रश्नावर एक विचार मांडला. त्याचं म्हणणं असं, की माणूस नशेची निवड अगदी आंधळेपणाने करत नाही. जे सोसवत नाही ते ज्याने शमतं, तिथेच तो पुन्हा पुन्हा जातो. आतला संताप आवरत नाही त्याला अफूच्या जातीचे पदार्थ, म्हणजे गर्दही, थंड करतात. आत सगळं रितं आणि मरगळलेलं वाटतं त्याला कोकेनसारखी उत्तेजक नशा उभं करते. मनातलं बोलताच येत नाही त्याची जीभ दारू सैल करते. पुढे पॅट्रिशिया कॉनरॉड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांमध्ये काम करताना स्वभावाच्या चार कडा धरल्या: निराशा, धास्ती, उतावळेपणा आणि थराराची ओढ. कड वेगळी, तसा धोका वेगळा आणि मुलाशी बोलायची रीतही वेगळी.

हे कुंडलीसारखं वाचायचं नाही. धास्तावलेली कितीतरी माणसं आयुष्यभर कशाला शिवत नाहीत. हाताला काय लागतं, ते किती स्वस्त आहे, पहिला झुरका कुणी पुढे केला, यावरही पुष्कळ ठरतं. शिवाय खोटं बोलणं, चिडचिड, घरातल्या वस्तू विकणं हे ‘मूळचेच गुण’ म्हणून आपण ज्याच्या माथी मारतो, ते बहुतेक वेळा नशेने नंतर आणलेलं असतं. नशा न मिळाल्याने टर्की लागलेल्या, तडफडणाऱ्या माणसाच्या वागण्यावरून त्याचा स्वभाव ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. तापात बरळणाऱ्याची परीक्षा घ्यावी, तसं ते आहे.

पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत पुढे केली, आणि डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. तिथे येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. गर्दुल्ला म्हटलं की विचारण्यासारखं काही उरत नाही. मित्र म्हटलं, की विचारता येतं: बाबा रे, याने तुला काय मिळत होतं?

घरात आपण हे विचारत नाही. आपण विचारतो, किती घेतलीस, पैसे कुठून आणलेस, कुणाबरोबर होतास. हे प्रश्न रागातून येतात आणि रागही खराच असतो. रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या आईला समजूतदारपणाचे धडे देण्याचा हक्क कुणालाच नाही. तरी एखाद्या सकाळी, तो शुद्धीवर असताना, चहाचा कप पुढे ठेवून तो दुसरा प्रश्न विचारला गेला पाहिजे. उत्तर लगेच येत नाही. कधी कधी त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं.

बारवीचं पाणी पुढे अंबरनाथ, उल्हासनगरच्या नळांना जातं. काठावर एकट्याने बसून गेलेला तो मुलगा, किंवा ती मुलगी, किंवा कुणी पन्नाशीतला माणूस बहुधा त्यातल्याच कुठल्या घरातला असेल.

मी पट्टी उचलली आणि उलटी केली. मागच्या चंदेरी बाजूवर औषधाच्या दुकानदाराने बॉलपेनने लिहिलेली खूण अजून वाचता येत होती: ‘रात्री १’. म्हणजे कुणीतरी कधीतरी डॉक्टरांसमोर बसून सांगितलं होतं, की मला झोप लागत नाही.