तुटण्याआधीचे सैलावणे

इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या हुकमाने साम्राज्यातल्या लोकांना देवतांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घेणे भाग पडले. कार्थेजच्या मंडळीतल्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी तो घेतला. छळ सोसवेना म्हणून काही जण झुकले, ते समजण्यासारखे होते. पण कोणी धरून नेण्याआधीच कितीतरी लोक आपण होऊन चौकात धावले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याला या घाईचे कोडे पडले. 251 मध्ये, छळ ओसरल्यावर, त्याने पतितांविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात या कोड्याचे उत्तर छळाच्या आधीच्या वर्षांत शोधले. मंडळीला दीर्घकाळ शांतता लाभली होती. त्या काळात लोक मालमत्ता वाढवण्यात गुंतले, काही बिशपसुद्धा आपली मंडळी वाऱ्यावर सोडून व्यापारासाठी परप्रांतात फिरू लागले. प्रार्थना चालू होती, सभा भरत होत्या. परीक्षेचा दिवस उजाडला तेव्हा पडायचे असे फारसे उरलेच नव्हते.

ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात हे वळण मला फार महत्त्वाचे वाटते. तोवर विश्वास सोडणे ही एक घटना मानली जाई: अमक्या दिवशी, अमक्या न्यायासनापुढे, अमक्याने ख्रिस्ताला नाकारले. त्या घटनेला भूतकाळ असतो आणि तो भूतकाळ बाहेरून अगदी ठाकठीक दिसतो, हे सिप्रियनने उघड केले.

त्याचे बीज अर्थात नव्या करारातच होते. इब्री लोकांस पत्र लिहिणारा आपल्या वाचकांना बंडाचा इशारा देतो, पण त्याही आधी वाहवत जाण्याचा देतो. नांगर सुटलेल्या होडीला किनाऱ्यापासून दूर जायला वल्हवावे लागत नाही, प्रवाह पुरतो. प्रकटीकरणातले इफिसच्या मंडळीला लिहिलेले पत्र तर वाचताना आजही धडकी भरते. ती मंडळी कष्टाळू आहे, सहनशील आहे, खोट्या प्रेषितांना तिने पारखून बाहेर ठेवले आहे. आपल्या कुठल्याही वार्षिक अहवालात अशा मंडळीचे कौतुकच झाले असते. तिने एकच गोष्ट सोडली आहे, पहिली प्रीती. आणि ती अहवालात मोजता येत नाही.

313 नंतर साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि हा प्रश्न पुरताच आत वळला. हुतात्मा होण्याची वेळ येणार नसेल, तर विश्वास टिकला की नाही हे कळणार कसे? याचा सर्वांत बारकाईने शोध इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंनी घेतला. त्यांच्यातला इव्हाग्रियस, मृत्यू 399, भर दुपारी येणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन करतो. सूर्य हलतच नाही असे वाटते. साधू सारखा खोलीबाहेर डोकावतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते पाहतो. मग त्याला जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, भावांमध्ये प्रेमच उरले नाही असे वाटू लागते. दुसरीकडे कुठे गेलो तर देवाची सेवा अधिक चांगली होईल, असा विचार सर्वांत शेवटी येतो आणि तो धार्मिक वेशात येतो. कंटाळा स्वतःला ध्येय म्हणवून घेतो, हे इव्हाग्रियसने सोळाशे वर्षांपूर्वी पकडले.

त्यावरचा उपाय साधा होता. खोली सोडू नये, हातातले काम सोडू नये, आणि मनातले विचार एखाद्या वडीलधाऱ्या साधूपुढे उघड करावे. हीच शिकवण योहान कॅसियनने पुढे मार्सेयला नेली. तो पौल नावाच्या एका साधूची हकीकत सांगतो. हा पौल राहत होता तिथून बाजार फार दूर होता, माल विकायला न्यावा तर मजुरीपेक्षा वाहतुकीचा खर्च जास्त. तरीही तो रोज ताडपत्रांचे काम नेमाने करी आणि वर्षाअखेर साठलेले सगळे जाळून टाकी. आजच्या हिशेबात हा निव्वळ अपव्यय. पण ते काम विकण्यासाठी नव्हतेच, मनाला जागेवर ठेवण्यासाठी होते. सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या मठनियमांनी आणखी एक गोष्ट जोडली: वाचनाच्या वेळी एकदोन ज्येष्ठांनी मठात फिरून कोणी भाऊ मरगळून बसला आहे का, हे पाहावे.

पुढे मात्र या विचाराचे नुकसान झाले, असे माझे मत आहे. पोप ग्रेगरीने, म्हणजे 600 च्या सुमारास, पापांची जी यादी लावली तिच्यात ही दुपारची मरगळ खिन्नतेत मिसळली गेली, आणि शतके उलटता उलटता लोकांच्या मनात तिचा अर्थ नुसता आळस असा उरला. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात मूळ गाभा जपला होता. देवाकडून मिळणाऱ्या चांगल्याचाच माणसाला विषाद वाटू लागतो, आनंद वाटेनासा होतो, हे त्याच्या मते खरे दुखणे. पण आळस ही व्याख्या सोपी होती, ती टिकली. त्यामुळे सतत कामात असलेला माणूस संशयातून सुटला. चर्चच्या तीन समित्यांवर असलेला, संडेस्कूल चालवणारा, नाताळची सगळी तयारी अंगावर घेणारा माणूस विश्वासात थंड पडला असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही.

अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीला याचे उत्तर जवळजवळ अपघाताने सापडले. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बाराबाराचे गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करायची ठरवले. पुढारी पैशांसाठी दार ठोठावू लागले आणि आत काय चालले आहे ते त्यांना दिसू लागले. कुठे दारू, कुठे भांडण, कुठे प्रार्थना केव्हाची थांबलेली. वेस्लीने ताबडतोब ओळखले की गोळा करण्याजोगे महत्त्वाचे काही असेल तर ते हे आहे. तेव्हापासून हे गट दर आठवड्याला बसू लागले आणि प्रत्येकाला त्याच्या आत्म्याचे कसे चालले आहे हे विचारले जाऊ लागले. इब्री लोकांस पत्रातला उपाय तरी काय होता? पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून रोज, एकमेकांना बोध करा. एकट्याने सावध राहा, असे तिथे म्हटलेले नाही. जो वाहवत चालला आहे त्याला आपण स्थिर आहोत असेच वाटते, त्यामुळे त्याच्या सावधपणाचा त्याला फारसा उपयोग नाही.

तरीही म्हातारपणी वेस्लीची काळजी मिटली नव्हती. 1786 मध्ये त्याने लिहिले की मेथडिस्ट नाहीसे होतील ही भीती मला नाही, ते नुसत्या बाह्य रूपाने उरतील ही आहे. भक्तीमुळे माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्यातून पैसा येतो, आणि पैशाबरोबर गर्व व जगाची ओढ येते. सिप्रियनने शांततेत पाहिलेली गोष्ट त्याने सद्‍गुणांच्याच पोटी पाहिली.

आपल्याकडे हा विचार सर्वांत प्रामाणिकपणे मांडला तो पंडिता रमाबाईंनी. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. तोवर शारदा सदन उभे राहिले होते, विधवांसाठीचे त्यांचे काम देशभर माहीत झाले होते. हे आत्मपरीक्षण त्यांनी एकदाच करून ठेवून दिले नाही. 1905 च्या सुरुवातीला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी प्रार्थनेसाठी एक गट सुरू केला. सुमारे 70 जणी रोज सकाळी जमत. भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे ही त्यांची विनंती होती, आणि त्यात त्यांनी स्वतःलाही धरले होते.

आपल्या मराठी मंडळ्यांत आस्थेने विचारणारे कमी नाहीत. गेल्या रविवारी दिसला नाहीत, तब्येत बरी आहे ना, असे आवर्जून विचारले जाते आणि ती माया खरी असते. पण जो दर रविवारी दिसतो त्याला कोणी काहीच विचारत नाही. आणि ज्याने इतरांना विचारायचे त्या पाळकाची अवस्था याहून बिकट आहे. उपदेशासाठी बायबल उघडता उघडता स्वतःसाठी ते उघडणे त्याचे केव्हा थांबले, हे त्याला कोणापाशी बोलता येईल? मंडळीपाशी बोलला तर चर्चा होईल, वरिष्ठांपाशी बोलला तर बदली होईल, घरी बोलला तर घर धास्तावेल. आपण पाळकांच्या पगाराची, घराची, निवृत्तीची व्यवस्था लावतो आणि ती लावलीच पाहिजे. त्याच बैठकीत हाही विषय निघावा: शेजारच्या गावचे दोन पाळक, महिन्यातली एक सकाळ, ज्या दिवशी त्यांना दुसरे कुठलेही काम सांगितले जाणार नाही.