मुद्देमाल झालेला कुत्रा (गीता ५.१८)



आजचा श्लोक पाचव्या अध्यायातला अठरावा. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने खालचा ठरवलेला श्वपाक, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सारख्याच नजरेने बघतो, असा त्याचा भाव. माणसामाणसांतल्या समतेसाठी आपण हा श्लोक नेहमी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातला कुत्रा आपण पटकन ओलांडून पुढे जातो. आज तिथेच थांबायचंय.

त्याला कारण आहे. परवा कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दोन कुत्र्यांची झुंज लावलेली, भोवती माणसांचं कडं, आरडाओरडा, हातात नोटा. मी थोडा बघितला, खाली 'डेंजर!' लिहिलं आणि ऑफिसच्या कॉलला बसलो. संध्याकाळी दिवा लावताना दत्ताच्या फोटोकडे नजर गेली. आईने अक्कलकोटहून आणलेला. महाराजांच्या पायाशी चार कुत्रे, आपण ज्यांना चार वेद म्हणतो. नमस्कार करताना हात जरा अडखळला, खोटं कशाला सांगू.

मग वाचत बसलो. प्राण्यांची झुंज लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. आपल्या सोलापुरात एवढ्यात शेंगाचटणीचं बरंसं पाकीटही येत नाही. छापा पडला की माणसांना जामीन मिळतो आणि कुत्रे 'मुद्देमाल' होतात. जप्त केलेली रोकड, गाडी, मोबाइल यांच्यासाठी जो शब्द, तोच. २०१७ चे नियम त्यातल्या त्यात बरे आहेत. खटला चालू असताना अशा जनावराला पांजरापोळात किंवा प्राणी-संस्थेकडे ठेवता येतं आणि खर्चाचा भार आरोपीवर टाकता येतो. पण आपल्याकडे खटला किती वर्षं चालतो आणि कुत्रा किती वर्षं जगतो, हा हिशोब ज्याने त्याने करून बघावा. बातमी मात्र छाप्यापाशीच संपते. आमच्या भाषेत, तिकीट क्लोज.

महाभारत एका मार खाल्लेल्या कुत्र्यापासून सुरू होतं, हे किती जणांना आठवतं? आदिपर्वात जनमेजयाचं यज्ञसत्र चालू असतं. तिथे एक पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जातं. आई आधी आईसारखंच बोलते: तूच काहीतरी केलं असशील. पिल्लू म्हणतं, मी हविर्द्रव्य चाटलं नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग सरमा थेट त्या सत्रात जाऊन विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? एवढी मोठी माणसं बसलेली, पण उत्तर कुणीच देत नाही. शाप त्यानंतर येतो. मला शापापेक्षा ती शांतता जास्त टोचते. पिंजऱ्यात बसलेल्या त्या मुद्देमालाचा अपराध काय, याला तरी आपल्याकडे उत्तर कुठे आहे?

आणि शेवटी पुन्हा कुत्राच. भाऊ गेले, द्रौपदी गेली, हस्तिनापुरापासून मागे आलेला कुत्रा तेवढा उरला. इंद्र म्हणतो, याला सोड आणि रथात बस. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयाला आलेल्या भक्ताला मी सोडणार नाही. आपण गोष्ट सांगताना घाई करतो, 'तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता' असं आधीच सांगून टाकतो. अहो, युधिष्ठिराला ते कुठे माहीत होतं! त्याच्यासाठी तो नुसता कुत्रा होता.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, दादा, पुराण ठीक आहे, पण झुंजीचा कुत्रा चावला तर? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत २००७ मध्ये मायकल विक या नावाजलेल्या फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातल्या जागेवरून जवळपास पन्नास पिटबुल जप्त झाले. त्यांना मारूनच टाकावं, असं काही मोठ्या प्राणी-संस्थासुद्धा म्हणत होत्या. पण इथे जाणकारांनी एकेक कुत्रा वेगळा तपासला. बहुतेक सगळे वाचले. बरेचसे घाबरलेले निघाले, चवताळलेले नव्हे. २२ जण युटामधल्या एका आश्रयस्थानात गेले. त्यातले काही पुढे लोकांच्या घरात राहिले, तर काहींनी कोर्टाच्या आदेशाने जन्मभर आश्रयस्थानातच राहायचं ठरलं. त्यांच्या देखभालीसाठी कोर्टाने विककडून नऊ लाखांहून जास्त डॉलर भरून घेतले. त्यांच्यातला शेवटचा, फ्रोडो नावाचा, डिसेंबर २०२१ मध्ये म्हातारा होऊन एका घरात गेला.

मला समदृष्टी इथे थोडी समजली. सगळे गोडच आहेत असं डोळे मिटून मानायचं नाही, आणि सगळे हिंस्र म्हणून एका ओळीत मोडीतही काढायचे नाहीत. ज्याला अंतर हवं त्याला अंतर, ज्याला घर चालेल त्याला घर. पण बघायचं मात्र प्रत्येकाकडे, तेवढ्याच आस्थेने.

काल ग्रुपवर 'डेंजर' खोडलं आणि विचारलं: हा व्हिडिओ कुठला आहे? पोलिसांना कुणी कळवलंय का? आणि ते दोन कुत्रे आता कुठे आहेत?

निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून कुणाचं नाही. आज परत विचारणार आहे.

उद्या श्लोक एकोणीस. राम कृष्ण हरी.